अजाण फळ आणि जाणता प्रवासी : सिंगापुरातील एक दिवस

खानदेशातील जैन व्यापारी कुटुंबांना प्रवास नवा नाही. मारवाड सोडून तापीकाठी दुकाने थाटणाऱ्या पूर्वजांचा पहिला वारसाच प्रवासाचा होता. पुढे व्यापारात स्थैर्य आले, तेव्हा पालीताणा, सम्मेदशिखर, राणकपूर अशा यात्रा घडू लागल्या. शिरपूरला रेल्वे नाही. त्यामुळे नरडाणा स्थानक गाठायचे, सुरत-भुसावळ मार्गाने पुढे जायचे आणि सोबत खाखरे, शेव, सुका मेवा व उकळून गाळलेल्या पाण्याची भांडी घ्यायची, अशी पद्धत होती. यात्रेत परगावचे श्रावक शिरपूरचे नाव ऐकून अंतरिक्ष पार्श्वनाथांविषयी विचारत आणि ते शिरपूर वाशिम जिल्ह्यातील, आमचे धुळे जिल्ह्यातील, हा खुलासा प्रत्येक धर्मशाळेत करावा लागे.

आता त्याच घरांतील माणसे पारपत्र घेऊन सिंगापूर, थायलंड, दुबई आणि युरोपला जातात. कापसाचा हंगाम आटोपलेला असतो, मुलांच्या शाळा-महाविद्यालयांना सुटी असते आणि चातुर्मास लागण्यास अवधी असतो. अशा मे महिन्यात सहलींचे बेत ठरतात. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत ‘जैन भोजन’ आणि ‘महाराज सोबत’ हे शब्द ठळक छापलेले असतात. येथे महाराज म्हणजे स्वयंपाकी, हे एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. तरी एखादी वृद्ध श्राविका ती जाहिरात वाचून क्षणभर हात जोडते, असा विनोद घरोघरी सांगितला जातो.

मात्र या सोयीमागे एक खरा प्रश्न आहे. परक्या देशात जाऊन तीनही वेळा घरचेच जेवण जेवायचे, तर त्या देशाची ओळख कितपत झाली? आणि तेथील पदार्थ चाखायचे, तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या भक्ष्याभक्ष्य विवेकाचे काय? घरातील आजी आणि नात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे देतात. शिरपूर, दोंडाईचा आणि अमळनेर येथील 34 प्रवाशांनी सिंगापुरात घालवलेल्या एका दिवसात ही दोन्ही उत्तरे समोरासमोर आली.

सूर्य वेळेवर मावळणारा देश

त्या दिवसाचा आरंभ नवकारसीने झाला. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर आहे. तेथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. सूर्य सकाळी सातच्या आगेमागे उगवतो आणि सायंकाळी सातच्या आगेमागे मावळतो. लंडनमध्ये जूनमध्ये रात्री नऊनंतरही सूर्य दिसतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत मावळतो. तेथे चौविहार करणाऱ्या श्रावकाची उन्हाळ्यात एक अडचण होते, तर हिवाळ्यात दुसरी. त्या मानाने सिंगापूर हा नियमधारकांना सोयीचा देश म्हटला पाहिजे.

सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, झाल्यावर पावणेआठच्या सुमारास नवकारसी आली. पच्चक्खाण पारून मंडळी न्याहारीस बसली. चौतीसपैकी अकरा जणांचा चौविहाराचा नियम होता. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ होत्या शिरपूरच्या कापूस व्यापारी घराण्यातील बहात्तर वर्षांच्या आजी. सूर्यास्ताच्याही दोन घटिका आधी अन्नपाणी आटोपण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा आहे. दुसरा नियम अजाण्या फळाच्या त्यागाचा. त्यांच्यासोबत होती फार्मसी शिकणारी एकोणीस वर्षांची नात. तिने आदल्या रात्रीच स्थानिक पदार्थांची यादी करून ठेवली होती. त्या यादीत काय खाता येईल आणि काय नाही, यावर दोघींचे एकमत नव्हते.

बाग, बंदर आणि सिंह

पहिला थांबा वनस्पती उद्यानाचा होता. 1859 साली स्थापन झालेल्या या उद्यानाला 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. सिंगापूरचे राष्ट्रीय पुष्प म्हणून 1981 मध्ये निवडले गेलेले ‘वांडा मिस जोकिम’ हे ऑर्किड येथे ताटव्यांनी फुललेले असते. व्यापारी मंडळींना मात्र फुलांपेक्षा रबराचा इतिहास अधिक भावला. 1877 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची रोपे येथे आली. पुढे या उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी झाडाला इजा न करता चीक काढण्याची पद्धत बसवली, मळेवाल्यांमागे लागून लागवड वाढवली आणि मलाया रबराच्या व्यापाराचे केंद्र बनले. एका बागेच्या प्रयोगातून एका मुलुखाची बाजारपेठ उभी राहते, ही गोष्ट कापसाच्या गाठींवर आयुष्य काढलेल्या माणसांना लगेच उमजली. हिरवळीवरून चालणे टाळून ज्येष्ठ मंडळी फरसबंदी वाटेनेच फिरली. वनस्पतिकायाची जयणा परदेशातही तीच.

तेथून बस समुद्रमुखाशी गेली. सिंहाचे शिर आणि माशाचे धड असलेला मर्लायन 8.6 मीटर उंच आहे आणि त्याच्या मुखातून अखंड पाणी पडते. 1972 मध्ये उभारलेला हा पुतळा 2002 मध्ये सध्याच्या जागी आणला गेला. सिंगापूर हे नाव ‘सिंहपूर’ या संस्कृत शब्दावरून आले आहे, असे मार्गदर्शकाने सांगितले. तेव्हा पाठशाळेत जाणाऱ्या एका बालकाने महावीर स्वामींचे लांछन सिंह असल्याचे मोठ्याने जाहीर केले. माशाविषयी कोणी बोलेना, तेव्हा अमळनेरच्या एका दिगंबर गृहस्थांनी सांगितले, की आमच्या परंपरेत अरनाथ भगवंतांचे लांछन मत्स्य आहे. श्वेतांबर परंपरेत ते नंद्यावर्त मानतात. बंदराच्या कठड्यावर तीर्थंकरांच्या लांछनांची अशी उजळणी झाली.

मलय भाषेतील काही शब्दांनीही मंडळींना आपलेपणा वाटला. तेथे भाषेला ‘बहासा’, साखरेला ‘गुला’, उपवासाला ‘पुआसा’ आणि धर्माला ‘अगामा’ म्हणतात. शेवटचे दोन शब्द उपवास आणि आगम यांच्यापासून आले आहेत. जुन्या काळी जहाजांतून केवळ माल गेला नाही, शब्दही गेले, हे या चार शब्दांवरून ध्यानी येते.

वॉटरलू मार्गावरील भोजन

दुपारच्या भोजनासाठी बस वॉटरलू मार्गाजवळ थांबली. तेथे एकाच रस्त्यावर चिनी बौद्धांचे क्वान इम देवालय आणि श्रीकृष्ण मंदिर जवळजवळ उभे आहेत. क्वान इमच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक कृष्ण मंदिरापुढेही उदबत्ती लावतात. या परिसरात शाकाहारी उपाहारगृहे बरीच आहेत. याचे कारण बौद्ध परंपरेत सापडते. अनेक चिनी भाविक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार वर्ज्य करतात. आपल्याकडील अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्यांना हे नवल वाटत नाही. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस शाकाहार पाळण्याचाही उत्सव तेथे आणि थायलंडमध्ये होतो. आपली आश्विनातील आयंबिल ओळीही नऊ दिवसांची आणि त्याच मोसमातली.

त्याहून विशेष गोष्ट अशी, की या बौद्ध स्वयंपाकात लसूण आणि कांदा चालत नाही. लसूण, कांदा, त्याच वर्गातील दोन पाती आणि हिंग अशा पाच उग्र पदार्थांचा त्याग त्यांच्या परंपरेत सांगितला आहे. हिंगाचे नाव ऐकून भगिनीवर्गात हशा पिकला. कांदा-लसूण सोडलेल्या जैन स्वयंपाकाचा सारा भार ज्या हिंगावर, तोच तेथे निषिद्ध!

परंतु साम्य येथेच संपते, आणि प्रवाशाने सावध व्हावे ते येथेच. बौद्ध शाकाहारात बटाटा, गाजर, मुळा, कमळाचा कंद आणि आळंबी चालतात. काही ठिकाणी अंडेही असते. पाटीवर शाकाहारी लिहिले म्हणजे पदार्थ जैन झाला, असे नव्हे. म्हणून गटाचे भोजन आधीच कळवून केलेले होते : वाफवलेला भात, कोबी, फरसबी, टोफू आणि सोयाबीनच्या शेंगा.

शेजारच्या मेजावर एका चिनी कुटुंबापुढे हुबेहूब कोंबडीसारखा दिसणारा पदार्थ आला. तो सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचा होता. त्यात प्राणिज काहीच नव्हते. तरुणांपैकी दोघांनी तो मागवावा, असा विचार मांडला. पदार्थ वनस्पतिजन्य असेल तर हरकत कोणती, असा त्यांचा प्रश्न होता. आजींनी वाद घातला नाही. त्यांनी यशोधर राजाची कथा सांगितली. मातेच्या आग्रहाखातर राजाने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. जीव मेला नाही, पण मारण्याचा भाव झाला आणि त्या भावाचे फळ त्याला जन्मोजन्मी भोगावे लागले. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये रचलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथाचा विषय हीच कथा आहे. हजार वर्षांपूर्वीचा पिठाचा कोंबडा सिंगापूरच्या मेजावर पुन्हा उभा राहील, असे कोणाच्या मनात आले नव्हते. तो पदार्थ मागवला गेला नाही. मात्र एका तरुणाने विचारले, की मांस सोडू पाहणाऱ्या चिनी माणसाला हाच पदार्थ पहिली पायरी ठरत असेल तर? त्यावर आजी म्हणाल्या, “त्याच्यासाठी ती चढण आहे, बेटा. आपल्यासाठी ती उतरण आहे.”

अजाण फळाची कसोटी

तिसऱ्या प्रहरी मंडळी लिटल इंडियात आली. सेरंगून मार्ग, फुलांचे हार, मसाल्यांची दुकाने आणि तमिळ पाट्या पाहून अनेकांना परदेशात असल्याचा विसर पडला. टेक्का बाजाराच्या तळमजल्यावर मासळी आणि मांस विकले जाते, म्हणून गट आत गेला नाही. बाहेर बफेलो मार्गावर फळा-भाज्यांची दुकाने ओळीने लागलेली होती. तेथे नातीची यादी निघाली : मँगोस्टीन, रंबुतान आणि ड्युरियन.

जैन परंपरेने बावीस अभक्ष्य सांगितले आहेत. मध, मद्य, मांस, लोणी, अनंतकाय, रात्रिभोजन यांच्या बरोबरीने त्यांत ‘अजाणे फळ’ हेही एक आहे. ज्या फळाचे नाव आणि गुण ठाऊक नाहीत ते खाऊ नये. या नियमाची वंकचूलाची कथा प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. दरोडेखोरांचा नायक असलेल्या वंकचूलाने आचार्यांकडून घेतलेल्या चार नियमांपैकी एक अजाण फळ न खाण्याचा होता. भुकेलेल्या साथीदारांनी अरण्यातील सुंदर फळे खाल्ली आणि ते मरण पावले. नाव विचारण्यासाठी थांबलेला वंकचूल वाचला.

आजींचा नियम या कथेतून आलेला. “नाव माहीत नाही ते घ्यायचे नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. नात म्हणाली, “दादी, नियम न खाण्याचा आहे की न जाणता खाण्याचा?” दुकानासमोर क्षणभर शांतता पसरली.

मग चौकशी सुरू झाली. मँगोस्टीनची शास्त्रीय प्रजाती गार्सिनिया, आणि आपले कोकमही गार्सिनियाच. म्हणजे हे जांभळे फळ कोकणातल्या कोकमाचे जवळचे नातेवाईक. त्याच्या तळाशी फुलासारखी खूण असते. तिच्या जितक्या पाकळ्या, तितक्या फोडी आत निघतात. दुकानदाराने एक फळ हातात देऊन मोजायला सांगितले. तळाशी सहा पाकळ्या होत्या, आत सहाच फोडी निघाल्या. मालाचा नमुना न उघडता कळावा, ही किमया पाहून व्यापारी मंडळी खुश झाली. बहुबीजाचा दोषही नव्हता, कारण मोठ्या फोडीतच काय ती बी असते. रंबुतान हे लिचीच्या कुटुंबातील निघाले आणि त्याच कुटुंबात आपला रिठाही मोडतो, हे कळल्यावर एका किराणा व्यापाऱ्याने रंबुतान हातात घेऊन दोनदा निरखले.

ड्युरियनचा उग्र दर्प दुकानापासून दहा पावलांवर जाणवत होता. तेथील मेट्रो रेल्वेत हे फळ नेण्यास मनाई आहे आणि तशा पाट्या लावलेल्या असतात. पण त्याचे वनस्पतिकुल ऐकून आजोबा चकित झाले. कापूस, भेंडी, अंबाडी आणि ड्युरियन ही चौघे एकाच कुटुंबातील. “पन्नास वर्षे कापूस घेतला-विकला,” ते म्हणाले, “त्याचा असा भाऊबंद असेल असे वाटले नव्हते.” ड्युरियन कोणी घेतले नाही. नियमाने नव्हे, वासाने.

आता निर्णय उरला मँगोस्टीनचा. आजींनी नातीला एकेक प्रश्न विचारला : झाडाला लागते की जमिनीत? बी किती? कीड असते का? औषधी गुण कोणता? नातीने ठाऊक होते ते सांगितले, ठाऊक नव्हते ते दुकानदाराला विचारले. शेवटी आजी म्हणाल्या, “तुझ्यासाठी हे आता अजाण राहिले नाही. तू खा, मुलांना दे. फोड उघडून, पाहून, मग खा. माझा नियम मी साध्वीजींकडून घेतला आहे. त्यांना विचारल्याशिवाय त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावणार नाही.” मुलांनी मँगोस्टीन खाल्ले. आजींनी टरफले पिशवीत गोळा केली. दोघींपैकी कोणी हरले नाही आणि कोणी जिंकलेही नाही.

पाऊस, कोंडी आणि पाटा

सवापाचला विषुववृत्तीय पाऊस कोसळला. त्या दिवशी सूर्यास्त सात वाजून आठ मिनिटांनी होता. सहा वाजता एका भारतीय उपाहारगृहात जैन भोजन सांगून ठेवलेले होते. बस वाहतुकीच्या कोंडीत अडकली. पावणेसहा झाले, सहाला दहा कमी झाली, तरी चाके हलेनात. सहल व्यवस्थापक आणखी वीस मिनिटे मागत होता. आजींची मर्यादा सहा-वीसची होती.

आजींनी तक्रार केली नाही. पाणी पिऊन आताच पच्चक्खाण घेते, असे त्यांनी सांगितले. दुपारनंतर त्यांच्या पोटात काही नव्हते आणि रात्री रक्तदाबाची गोळीही घ्यायची नव्हती, कारण ती त्या सूर्यास्तापूर्वीच घेत. बसमधील तेवीस जणांचा चौविहार नव्हता. त्यांतील काहींना उपाहारगृहातील आगाऊ पैसे भरलेल्या ताटांची चिंता होती, काहींना रात्रीचा रोषणाईचा खेळ चुकण्याची. दबक्या आवाजात कुरकुर झाली. अकरा जणांसाठी चौतीस जणांनी का थांबावे, हा प्रश्न तसा अन्यायाचा नव्हता.

तेव्हा दोंडाईच्याचे एक आडत व्यापारी उभे राहिले. त्यांचा स्वतःचा चौविहार नाही. ते म्हणाले, “ताटाचे पैसे परत कमावता येतील. मांजींची चाळीस वर्षे परत मिळणार नाहीत.” पुढच्या वळणावर एक हॉकर सेंटर दिसत होते. बस तेथे थांबली.

हॉकर सेंटर म्हणजे छताखाली मांडलेल्या खाद्यगाळ्यांचा बाजार. एके काळी सिंगापूरच्या रस्त्यांवरही आपल्याकडच्यासारख्याच हातगाड्या होत्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सरकारने त्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ, गटार आणि छत असलेल्या जागांत बसवले. धंदा मोडला नाही, जागा बदलली. आज अशी 110 हून अधिक केंद्रे आहेत आणि 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. शिरपूरच्या बाजारपेठेतील अतिक्रमणाची कटकट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना ही व्यवस्था अभ्यासावी अशी वाटली. जेवल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवावे लागते, न ठेवल्यास दंड होऊ शकतो.

अशा केंद्रांत मुस्लिम बांधवांच्या हलाल गाळ्यांची ताटे वेगळी ठेवलेली असतात. आपला डबा कोठे उघडावा, हे विचारून घेणे हीच सभ्यता. नातीने तांदळाचे पदार्थ विकणाऱ्या एका चिनी वृद्धेला विचारले. तिने आपल्यासमोरचे मेज पुसून दिले. खाखरे, मेथीचे थेपले आणि मूगडाळीची शेव बाहेर आली.

त्या वृद्धेच्या गाळ्यावर ‘तुतू क्वे’ होत होते. तांदळाचे पीठ लहान साच्यात भरायचे, मध्ये ताडगुळात घोळलेला नारळाचा कीस ठेवायचा, वर पुन्हा पीठ, पांढरे फडके, आणि दोन मिनिटे वाफ. तयार झालेली पांढरी चकती पांदानच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून देतात. नातीने नेमके प्रश्न विचारले. अंडे? नाही. चरबी? नाही, कारण जुन्या पद्धतीच्या कित्येक गोड पदार्थांत डुकराची चरबी असते. रताळे? नाही, कारण ‘आंग कू क्वे’ नावाच्या लाल मिठाईच्या आवरणात पुष्कळदा रताळे असते. आत काय? नारळ आणि गूळ, किंवा शेंगदाणे. आणि पान? पांदान म्हणजे केवड्याच्या कुळातील वनस्पती, हे तिने यादीतच लिहून ठेवले होते.

तांदूळ, नारळ, गूळ, केवडा. यांत अजाण काहीच नव्हते. सहा वाजून बारा मिनिटांनी आजींनी पहिला तुतू क्वे तोंडात घातला. “उकडीच्या मोदकाचाच भाऊ,” त्या म्हणाल्या. सहा-अठराला त्यांनी पाणी घेतले, गोळी घेतली आणि हात जोडून पच्चक्खाण केले. बाकीचे दहा जण सातच्या आत उरकले. वृद्धेने पैसे घेताना मागच्या चार चकत्यांचे पैसे घेतले नाहीत. आपणही महिन्यातून दोन दिवस शाकाहार करते, असे तिने नातीला सांगितले.

उरलेल्या तेवीस जणांनी उपाहारगृहात जेवण केले. अकरा ताटांचे पैसे गेले. ते कोणी कोणाच्या नावे लिहिले नाहीत. रोषणाईचा पहिला खेळ चुकला, पावणेनऊचा दुसरा सर्वांनी मिळून पाहिला.

निघण्यापूर्वी ध्यानी घ्यावे असे

अशा सहलींना जाणाऱ्या कुटुंबांना या एका दिवसातून काही व्यवहारी गोष्टी घेता येतील.

सिंगापुरी टोस्टवरील ‘काया’ नारळाची असली तरी तिच्यात अंडे असते. ‘आइस कचांग’मध्ये बर्फ आणि बहुधा आगार असतो. आगार समुद्री शेवाळापासून होतो. जिलेटीन प्राणिज असते. कोळंबीची चटणी ‘बेलाचान’ आणि मत्स्यरस हे साध्या दिसणाऱ्या भाजीतही घातलेले असतात. वेष्टनावरील ई-120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग आणि ई-904 म्हणजे लाख.

घरून फराळ नेताना त्यात खसखस नसावी. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत ती निषिद्ध आहे. सिंगापुरात च्युइंगमही नेऊ नये. मेट्रोत खाणे-पिणे हा दंडनीय अपराध आहे, पाण्याचा घोटसुद्धा.

परदेश सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याच्या 26 एएस विवरणात दिसतो आणि करात वळता होतो किंवा परत मिळतो. सर्व कुटुंबाचे पैसे एकाने भरले असतील, तर जमा कोणाच्या नावे झाली, हे पाहून ठेवावे. सिंगापुरातील शंभर डॉलरवरील खरेदीचा जीएसटी पर्यटकाला विमानतळावर परत मागता येतो. पावती जपावी.

आणि कार्यक्रमपत्रिका ठरतानाच चौविहार करणाऱ्यांची संख्या, त्यांची नेमकी मर्यादा आणि त्या दिवसाचा सूर्यास्त सहल व्यवस्थापकाला लेखी द्यावा. सायंकाळच्या भोजनाआधी किमान तासाभराची मोकळीक असावी. कोरडा फराळ बसच्या पोटातील सामानात नव्हे, हाताशी असावा. दर्शनाची इच्छा असणाऱ्यांसाठी जालान यासिन येथे सिंगापूर जैन रिलिजस सोसायटीची वास्तू आहे. आधी कळवून जावे. 1949 मध्ये स्थापन झालेल्या तेथील आंतरधर्मीय संघटनेत ज्या दहा धर्मांचा समावेश आहे, त्यांत जैन धर्मही आहे. मूठभर समाजाने परक्या भूमीत मिळवलेली ही ओळख अभिमानाची आहे.

नियम हा कुंपण आहे की चाळण, यावर घरोघरी बोलणे होत असते. कुंपणाच्या आत माणूस सुरक्षित राहतो, पण बाहेरचे काही त्याच्यापर्यंत येत नाही. चाळण सर्व काही घेते आणि निवडून ठेवते, पण ती हाती धरणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. त्या दिवशी शिरपूरच्या आजींनी कुंपण मोडले नाही आणि नातीने चाळण सोडली नाही. एकीने चाळीस वर्षांचा शब्द राखला, दुसरीने विचारल्यावाचून काही तोंडात घातले नाही. वंकचूल वाचला तोही नाव विचारण्यासाठी थांबला म्हणूनच.

मँगोस्टीनचा प्रश्न अद्याप खुला आहे. नातीने फळाचे नाव, कुल, बिया आणि फोडी यांची टिपणे एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून आजींच्या सामायिकाच्या पुस्तकात ठेवली आहेत. चातुर्मासासाठी साध्वीजींचे आगमन झाले, की तो कागद त्यांच्यापुढे ठेवला जाईल. त्या जे सांगतील ते आजी मानतील.